आधी अण्णांचं

"नवरदेव कुठायत?" दुकानदारानं गळ्यातली टेप काढत विचारलं.

मी आणि हौसाआत्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. नवरदेव बाहेर होते. समोरच्या पानपट्टीच्या आडोशाला उभे राहून, आपला आणि या दोघींचा काडीचाही संबंध नाही असा चेहरा करून रस्त्यानं जाणारी बैलगाडी न्याहाळत होते. मी दारात जाऊन हाक मारली, "अण्णा, आत या. माप द्यायचंय." आजूबाजूच्या लोकांनी वळून बघितलं. अण्णांचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांना भर बाजारात सदरा काढायला सांगितलाय.

"घरातला जुना कोट देतो पाठवून. त्याच्यावरनं बेता," आत येऊन ते पुटपुटले.

"लग्न कुणाचं आहे साहेब?"

"मुलीचं," अण्णा म्हणाले.

"पोरीचं वैशाखात हाय," आत्यानं गादीवर बसल्या बसल्या खणखणीत आवाजात सांगितलं. "ह्ये माघातलं. ह्येचं. ही पोरगी बापाचं लगीन लावतीया. तुमी माप घ्या."

दुकानदार पक्का धंदेवाला. त्यानं एकदा अण्णांकडे बघितलं आणि "मग क्रीम रंगातलं दाखवतो, शोभेल साहेबांना," म्हणत गठ्ठे खाली काढायला सुरुवात केली. अण्णांनी हात दोन्ही बाजूला पसरले आणि डोळे मिटून घेतले. इंजेक्शन घेताना लहान मूल मिटतं तसे.

हे सगळं कारस्थान माझं होतं. आत्या नुसती सामील.

आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. कावीळ झाली, अंगारेधुपारे झाले, औषधं झाली आणि एका दुपारी ती गेली. लोक कुजबुजायचे, पोरगी रडत कशी नाही. खरंच मला रडू आलं नाही. आधी आलेल्या पाहुण्यांचा चहा, मग अण्णांचा डबा, मग शाळा, असं एकामागून एक सुरूच राहिलं आणि रडायचं राहून गेलं. अण्णांसमोर तर रडायची सोयच नव्हती. ते आमच्या विट्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर माइकवरून तासगाव, मायणी, कराड पुकारायचे, आणि घरी आले की आवाज स्टँडवरच ठेवून आल्यासारखे गप्प. आईचा एकच फोटो होता, तो तेराव्यानंतर त्यांनी ट्रंकेत ठेवून दिला. तिचं नाव घरात ते काढायचे नाहीत म्हणून मी काढायची नाही, आणि मी काढायची नाही म्हणून ते नाही. मला तो फोटो भिंतीवर हवा होता. पण हे मी त्यांना कधी बोलले नाही.

मग विसाव्या वर्षी मला इचलकरंजीचं स्थळ आलं. मुलगा यंत्रमागाच्या कारखान्यात होता, माणसं साधी होती, पसंती झाली. त्याच संध्याकाळी अण्णा स्वतःचं ताट वाढून घेत होते. भाकरी घेतली, आमटी घेतली, आणि पाण्याचा तांब्या विसरले म्हणून पुन्हा उठले. एवढंच. पण मला पुढचं सगळं दिसायला लागलं. मी गेल्यावर हा माणूस काय करणार? याला भात तेवढा लावता येतो. आमटीत मीठ दोनदा तरी पडतं, नाहीतर पडतच नाही. आणि समोर कुणी नसेल तर हा गप्प तरी कुणाशी बसणार?

दुसऱ्या दिवशी मी अट घातली. "आधी तुमचं लग्न, मग माझं. नाहीतर इचलकरंजीला कळवा, मुलगी तयार नाही म्हणून."

"खुळी झालीस काय?" अण्णा म्हणाले. त्यांच्या मानानं हे मोठं भाषण होतं.

हौसाआत्या अण्णांची थोरली बहीण, आमच्याच आळीत राहायची. तिला हे कळलं मात्र, ती चप्पल न घालता पळत आली. "मी वर्साच्या आत सांगत हुते ह्येला, दुसरी कर. ऐकतोय कुणाचं? आता पोरगीच सांगती म्हटल्यावर बगू कसा न्हाई म्हणतोय."

स्थळही मीच शोधलं. मारुतीच्या देवळामागं शालनबाईंचा शिवणक्लास होता आणि मी तिथं दोन वर्षं जात होते. बाई चाळिशीला टेकलेल्या. वडील लवकर गेले, धाकट्या भावांची शिक्षणं आणि लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं. बोलायला फटकळ. कुणी कापड चुकीचं कापलं की म्हणायच्या, "हा ब्लाऊज आता तुमच्या मांजराला घाला." पण तोच ब्लाऊज रात्रीत सांधून दुसऱ्या दिवशी त्या पोरीच्या हातात ठेवायच्या.

एकदा सगळ्या मुली गेल्यावर मी मागं थांबले. "बाई, एक विचारू? रागावू नका. माझ्या अण्णांशी लग्न कराल का?"

त्यांच्या पायाखालचं मशीन थांबलं. "त्यांनी पाठवलं तुला?"

"नाही. त्यांना तुमचं नाव अजून माहीत नाही."

"बरंय. म्हणजे नवऱ्या मुलाला पत्ताच नाही." त्यांनी दातानं दोरा तोडला. "अण्णा म्हणजे स्टँडवरचे ना? माइकवर बोलतात ते?"

"हो."

"आवाज चांगला आहे," म्हणाल्या आणि पुन्हा मशीन चालू केलं. मी निमूट घरी आले. आठवडाभर त्या विषयावर एक अक्षर नाही. मग एक दिवस माझ्या बाहीची टीप उसवता उसवता त्यांनी मान वर न करता विचारलं, "घरी कसे असतात?"

"गप्प."

"चालेल. मी पुष्कळ बोलते."

बघण्याचा कार्यक्रम आमच्याच घरी झाला. पोहे मी केले, पण ट्रे अण्णांच्या हातात दिला. ते इतके गांगरले होते की काही न बोलता तो घेऊन बाहेर आले आणि शालनबाईंच्या आणि त्यांच्या भावाच्या पुढं उभे राहिले. शालनबाईंनी बशी उचलली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

अण्णा म्हणाले, "भात येतो."

आत्या तोंडाला पदर लावून हसायला लागली, शालनबाईंचा भाऊ हसला, आणि मग अण्णाही हसले. दात दिसेपर्यंत. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं, आणि त्या क्षणी माझी खात्री पटली की मी योग्य तेच करतेय.

पुढचे दिवस मजेत गेले. लग्न साधंच करायचं ठरलं, गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात, घरच्या माणसांत. तरी लग्न ते लग्नच. अक्षता कुणी रंगवायच्या, जेवणात शिरा की बुंदी, भटजींना दक्षिणेचं आधी बोलायचं की नंतर, यावर आत्या रोज सकाळी नवं मत घेऊन यायची. शालनबाई त्यांचे ब्लाऊज शिवत होत्या आणि माझेही शिवत होत्या. मी क्लासला गेले की आधी माझी बाही बघायच्या, मग अण्णांची चौकशी. अण्णा चहा किती गोड घेतात, दुपारी झोपतात का. मी घरी येऊन सांगायची, "बाई विचारत होत्या, तुम्ही घोरता का?" अण्णा वर्तमानपत्र तोंडापुढं धरायचे. पण दाढी आता रोज करायला लागले होते. स्टँडवरचे कंडक्टर त्यांना मुद्दाम विचारायचे, "साहेब, माघातली गाडी किती वाजता?" आणि ते माइक बंद करून म्हणायचे, "चला, लागा कामाला."

संक्रांत झाली आणि आत्यानं टाकाचा विषय काढला.

आमच्याकडे पहिली बायको गेलेल्या माणसाशी दुसरी लग्न करते, तेव्हा पहिलीच्या नावानं एक टाक करतात. बोटाच्या पेराएवढा सोन्याचा नाहीतर चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. दुसरीनं तो मंगळसूत्राबरोबर गळ्यात घालायचा. म्हणजे पहिलीचा मान राहतो आणि ती संसारात आडवी येत नाही, अशी समजूत.

"त्याची काही गरज नाही," अण्णा म्हणाले.

"गरज न्हाई कशी? ती बगती वरनं. तिचा मान तिला नको?" आत्या माझ्याकडे वळली. "तूच सांग गं वैजू, तुज्या आईचा मान नको?"

मी म्हटलं, "करूया ना अण्णा." मला त्या समजुतीचं काही नव्हतं. मला एवढंच वाटलं, की या घरात निदान एक वस्तू तरी आईच्या नावाची येईल आणि ती उघड्यावर असेल, ट्रंकेत नसेल. पण हे तोंडातून निघालं नाही. तोंडातून फक्त "करूया ना" एवढंच निघालं.

अण्णा मला सायकलवर डबल सीट घेऊन पोतदार सोनाराकडे गेले. पोतदारांनी ठसा दाखवला. नऊवारीतली, हात जोडलेली, गोल चेहऱ्याची बाई.

"चांदीचा करायचा ना?"

"सोन्याचा," अण्णा म्हणाले. "जिवंतपणी तिला नुसत्या काळ्या मण्यांवर ठेवली." मग ठशाकडे वाकून बघत राहिले. "जरा बारीक नाही का करता येणार?"

"पत्रा? आणखी बारीक केला तर वाकेल."

"पत्रा नाही. अंगानं. ती बारीक होती."

पोतदार चष्म्यावरून बघायला लागले. "कंट्रोलरसाहेब, ठसा एकच असतो. गावातल्या सगळ्या ह्याच ठशातनं निघतात."

"मग असू द्या," अण्णा म्हणाले, "ह्या निमित्तानं तरी अंग धरंल."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आईवर ते विनोद करत होते! परत येताना त्यांनी सायकल हातात धरली आणि आम्ही चालत निघालो. तेव्हा त्यांनी मला आईची पहिली गोष्ट सांगितली. ते कंडक्टर असताना आई त्यांच्याच गाडीनं माहेरी जायची, खिडकीपाशी बसायची आणि ते तिकीट फाडायला आले की म्हणायची, नवऱ्याची गाडी आणि मला तिकीट? सगळी गाडी हसायची. "मला लाज वाटायची," अण्णा म्हणाले. "पण दुसऱ्या खेपेलाही ती तेच म्हणायची. तिला मजा वाटायची माझी."

मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. मला वाटलं, शालनबाई घरात येणार म्हणून आईसुद्धा परत यायला लागलीय.

टाक तयार झाला. दोरा कितीसा लांब हवा ते बघायला आत्यानं शालनबाईंना दुपारी घरी बोलावलं. अण्णा ड्यूटीवर होते. शालनबाई आल्या आणि तेव्हा आत्याच्या लक्षात आलं, की काळा दोराच आणायचा राहिलाय. "बसा तुमी, मी कासाराकडनं आलेच," म्हणून ती गेली. घरात आम्ही दोघीच.

मी डबी उघडून टाक त्यांच्या पुढं धरला. कुठल्या बाईला आवडेल दुसरीला गळ्यात घालायला? त्यांनी नाक मुरडलं असतं तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

त्यांनी टाक तळहातावर घेतला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "आधी हळदकुंकू आण."

मी आणलं. त्यांनी टाकाला चिमटीनं हळद लावली, कुंकू लावलं. मग विचारलं, "नाव काय यांचं?"

"अनुसया."

"माहेरचं?"

"माहेरी सगळे बेबी म्हणायचे."

"बेबी?" त्यांना हसू आलं. "मग मी बेबीताई म्हणणार. थोरल्या त्या." आणि टाकाकडे बघून अगदी समोर माणूस बसल्यासारखं बोलल्या, "हे बघा बेबीताई, तुमचा माणूस म्हणे भात तेवढा करतो. बाकीचं काय काय आवडतं ते मला कोण सांगणार? तुम्हीच सांगायचं." मग माझ्याकडे वळल्या. "फोटो नाही का त्यांचा?"

"ट्रंकेत आहे."

"ट्रंकेत? काढ की बाहेर. देवघराच्या बाजूला लावू. रोज तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर भांडायचं कुणाशी मी?"

आणि मला रडू कोसळलं. आई गेल्यापासून साठलेलं सगळंच्या सगळं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत होते, आणि त्या एका हातानं माझी पाठ थोपटत होत्या. "रड," म्हणत होत्या, "रड मनसोक्त." इतकं सुख मला कशानंच झालं नव्हतं. मला आई परत मिळत होती, आणि वर शालनबाईही मिळत होत्या.

थोड्या वेळानं मी शांत झाले. त्यांनी मला हसवायचं म्हणून टाक स्वतःच्या गळ्यापाशी धरला आणि विचारलं, "बघ, इथपर्यंत बरा दिसेल की आणखी खाली?" मी डोळे पुसत वर बघितलं, तर दारात अण्णा उभे. हातात फुलांची पुडी होती. कधी आले होते, किती वेळ उभे होते, कळलं नाही. त्यांनी शालनबाईंच्या गळ्यापाशी धरलेला टाक बघितला, माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी आलोच," म्हणाले. "स्टँडवर एक काम राहिलंय." पुडी उंबऱ्यावर ठेवून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी सांगितलं, "मला हे लग्न करायचं नाही."

आत्या आली, ओरडली, रडली, डोक्यावर हात मारून घेतला. मी पाया पडले. "काय झालं ते तरी सांगा." अण्णांचं एकच, "माझ्याच्यानं होणार नाही. मला विचारू नका." पोलिसात नेऊन विचारलं असतं तरी त्यांनी दुसरं काही सांगितलं नसतं. काय झालं ते मला न सांगताच कळलं होतं. सोनाराकडे बोलले, रस्त्यात बोलले, आणि टाक दुसऱ्या बाईच्या गळ्यापाशी बघितल्यावर त्यांना सहन झालं नाही. आईला ते विसरू शकले नाहीत. आत्यालाही तेच वाटलं. मरेपर्यंत ती म्हणायची, "माज्या टाकानं घात केला गं. मी कशाला काढलं ते?" तिचे शेवटचे दिवस या एका गोष्टीनं कडू केले.

शालनबाईंना सांगायला मीच गेले. दुसरं कोण जाणार?

त्या मशीनवर होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "बाई, अण्णा नाही म्हणतात. त्यांना आईला विसरता येत नाही."

त्यांनी टीप संपवली, कापड मशीनवरून काढलं, नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "विसरा म्हणून कोण म्हटलं होतं?"

मी दाराकडे वळले.

"मी येऊन बोलू का त्यांच्याशी?" त्यांनी विचारलं. एवढं विचारायला त्या बाईला काय पडलं असेल, ते आज मला कळतं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच म्हणाल्या, "नको. माणसाला एकदा नको वाटलं की नकोच. तुझे ब्लाऊज झालेत. शेवटच्याचे हूक लावायचे राहिलेत, ते लावून परवा ने."

वैशाखात माझं लग्न झालं. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून चुलते आणि चुलती बसले. अण्णा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. शालनबाई आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या, अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता गेल्या. अण्णांनी त्यांना जाताना बघितलं. मी बोहल्यावरून अण्णांना बघत होते.

त्यानंतरचं सांगण्यासारखं काही नाही. अण्णा एकटे राहिले. खानावळीत जेवले, निवृत्त झाले, मग सकाळ-संध्याकाळ स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसायला लागले. आईचा फोटो ट्रंकेतच राहिला. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची, डबे भरून ठेवायची, यायची. दर वेळी एसटीत बसल्यावर वाटायचं, त्या दिवशी आत्यानं दोरा आधीच आणला असता तर, अण्णा जरा उशिरा आले असते तर. शालनबाईंचा क्लास बरीच वर्षं चालला. पुढं त्या सांगलीला भावाकडे गेल्या. अण्णांचे गुडघे गेले तेव्हा मी त्यांना इचलकरंजीला आणलं.

गेल्या वर्षी माझ्या धाकटीचं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिका द्यायला मी विट्याला गेले होते. तिथं कळलं, की शालनबाई गेल्या. परत आले तेव्हा अण्णा गॅलरीत खुर्चीवर ऊन खात बसले होते. मी त्यांच्याशेजारी वाटाणे सोलायला बसले आणि बोलता बोलता सांगितलं.

"कोण? शालन?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"हो. झोपेतच गेल्या म्हणे."

त्यांनी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सुताच्या लडींकडे बघितलं. मग म्हणाले, "चांगली बाई होती. घरात बडबड झाली असती. मला आवडली होती ती."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "आवडली होती? मग मोडलंत का अण्णा? आईला विसरता येईना म्हणून ना?"

"छे! तुझी आई काय, ती असतीच की. ती कुठं जाते?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू रडलीस ना."

"मी?"

"टाक हातात घेऊन बसली होती ती, आणि तू तिच्या मांडीवर पडून रडत होतीस. मी दारात उभा. आई गेली तेव्हा तू रडली नाहीस. एकदाही नाही. सगळं गाव म्हणालं, पोरगी दगड आहे. मी म्हटलं, ही बापासाठी म्हणून सगळं करतीय, हौस दाखवतीय, आणि आत आत पोरीचं काळीज फाटतंय. आईच्या जागी दुसरी बघवत नाही तिला. मला बोलणार नाही, ती कुठली बोलतीय. मग मीच ठरवलं."

मी तोंड उघडलं. अण्णा, मी सुखानं रडत होते, असं सांगायचं होतं. मला ती बाई हवी होती, तुमच्यापेक्षा जास्त मला हवी होती, असं सांगायचं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर कसलाही पश्चात्ताप नव्हता. उलट एक समाधान होतं, आणि थोडासा अभिमानही, आपण लेकीसाठी काहीतरी मोठं सोडलं याचा. तीस वर्षं, आधी त्या एकट्या घरात आणि मग माझ्याकडे, तेवढ्याच एका गोष्टीला धरून हा माणूस राहिला होता. ती मी काढून घेतली असती, तर त्याच्यापाशी काय उरलं असतं?

"बरं केलं ना मी?" त्यांनी विचारलं.

"हो अण्णा," मी म्हटलं. "बरं केलंत."

त्यांनी मान डोलावली. माझ्या पुढ्यातल्या ताटातले चार वाटाणे उचलून तोंडात टाकले आणि चावत चावत म्हणाले, "आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी कुणाला न विचारता केली बघ."